ती ओळ लिहायचीच असते

पहिल्या वर्षाच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत आर्मस्ट्राँग नंबरची चिठ्ठी निघाली की मुलांचा जीव भांड्यात पडतो. आर्मस्ट्राँग नंबर म्हणजे जिच्या अंकांच्या घनांची बेरीज केली की तीच संख्या परत मिळते अशी संख्या. पॉइंटर नाही, फाइल नाही, स्ट्रक्चर नाही. पाठ असलेला प्रोग्रॅम. तशी चिठ्ठी निघालेला एक मुलगा. लॅबच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसीची घरघर, मधूनच एखाद्या यूपीएसचं किंचाळणं. त्यानं प्रोग्रॅम झरझर टाइप केला, चालवला, १५३ हा आकडा दिला आणि स्क्रीनवर ‘आर्मस्ट्राँग नंबर’ असं उमटलं. एक्स्टर्नल सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पेनाच्या टोपणानं एक ओळ दाखवली : टेम्प = एन. “ही कशाला रे?” मुलगा जरासा थांबला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, ती लिहायचीच असते.” सरांनी ती ओळ खोडली, खालच्या तुलनेत टेम्पच्या जागी एन लिहिलं आणि विचारलं, “आता १५३ दिला तर काय येईल?” मुलगा गप्प. प्रोग्रॅम चालवला, तर उत्तर आलं की १५३ हा आर्मस्ट्राँग नंबर नाही. मुलाच्या चेहऱ्यावर कुतूहल नव्हतं, धसका होता. सर पुढच्या टेबलाकडे वळताच त्यानं घाईघाईनं ती ओळ परत जागेवर बसवली. त्याला २५ पैकी २१ गुण मिळाले. प्रोग्रॅम बरोबर, आउटपुट बरोबर, जर्नल पूर्ण. ओरलचे काय ते चार गेले.

त्या २१ गुणांमध्ये कुणाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही, आणि तेच खुपतं.

त्या प्रोग्रॅममधला लूप, म्हणजे फेरीफेरीनं पुन्हा चालणाऱ्या ओळी, कागदावर एकदा फिरवून बघितला की त्या ओळीचं काम कळतं. एन आहे १५३. दहानं भागून उरलेली बाकी ३, तिचा घन २७, बेरीज २७. मग एनला दहानं भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा, एन झाला १५. पुढच्या फेरीत बाकी ५, घन १२५, बेरीज १५२, एन झाला १. तिसऱ्या फेरीत बाकी १, घन १, बेरीज १५३, एन झाला ०, लूप संपला. आता बेरजेची तुलना एनशी करायला गेलो, तर एनमध्ये १५३ उरलेलाच नाही. अंक काढता काढता तो संपला. म्हणून सुरुवातीलाच त्याची प्रत टेम्पमध्ये ठेवायची. ती ठेवली नाही तर कुठलीही धन संख्या द्या, उत्तर ‘नाही’च येणार, शून्य दिलं तरच प्रोग्रॅम ‘हो’ म्हणेल. या सगळ्याला तीन फेऱ्यांचा चार रकान्यांचा तक्ता पुरतो. पेन्सिलीनं काढायला तीन-चार मिनिटं. पण बहुतेक मुलांनी पहिल्या वर्षात असा तक्ता एकदाही स्वतः काढलेला नसतो, कारण तो जर्नलमध्ये नसतो.

अडचण आर्मस्ट्राँगच्या आधीची आहे. बारावीपर्यंतच्या गणितात एन म्हणजे एन. समीकरणाच्या पहिल्या ओळीत जो होता तोच शेवटच्या ओळीत. प्रोग्रॅममधला एन साबणाच्या वडीसारखा, वापरला की झिजतो. त्यात बरोबरच्या चिन्हाचा गोंधळ. गणितात ए = बी आणि बी = ए यांत फरक नाही; सीमध्ये पहिल्यानं ए बदलतो, दुसऱ्यानं बी. ए मध्ये १० आहे, बी मध्ये २०, आणि ए = बी असं लिहिलं, तर आता कुणात काय? पहिल्या आठवड्यात हा प्रश्न वर्गात टाकून बघावा. दोन्ही २० हे उत्तर येतंच, पण दोन्ही १० असंही येतं, अदलाबदल झाली असंही येतं, ए २० आणि बी ‘रिकामा’ असंही येतं, कारण बीमधलं तिकडे ‘गेलं’ ना! ही उत्तरं वेडगळ नाहीत. प्रत्येकामागे एक समजूत आहे, आणि ती दुरुस्त न करता पुढे गेलं तर ती तिसऱ्या महिन्यात लूपमध्ये आडवी येते.

लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठात सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नॅट यांनी २००६ मध्ये नेमके असलेच प्रश्न विचारले होते, तेही शिकवायला सुरुवात करण्याआधी. चुकीची का होईना, पण सगळीकडे एकच समजूत लावून उत्तरं देणारी मुलं पुढे पास होतात आणि बाकीची होत नाहीत, अशा अर्थाचा त्यांचा दावा जगभर फिरला. ‘कोडिंग जन्मजात असतं’ म्हणणाऱ्यांना तर तो फारच आवडला. २०१४ मध्ये बोर्नॅट यांनी स्वतःच तो मागे घेतला. त्याची बातमी मात्र तितकी फिरली नाही. स्टाफरूममध्ये आजही ‘याला लॉजिकच नाही’ हे वाक्य ऐकू येतं, आणि ते ज्याच्याबद्दल म्हटलं जातं त्यानं बहुधा बरोबरच्या चिन्हाचा अर्थ कधी नीट ऐकलेला नसतो. चाळणी म्हणून तो प्रश्न निकामी ठरला, तरी कोण कुठे अडकलंय हे दाखवायला इतका स्वस्त प्रश्न दुसरा नाही.

जर्नलबद्दल बोलायलाच हवं. एम (म्हणजे उद्देश), थिअरी, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आउटपुट, कन्क्लूजन. बारा-पंधरा असाइनमेंट, प्रत्येकीखाली तारखेसह सही. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये मांडी घालून बसलेली मुलं, हिरव्या प्लॅस्टिकच्या स्टेन्सिलमधून शंकरपाळ्याच्या आकाराचे डिसिजन बॉक्स, डिंकाचा वास, झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग. फ्लोचार्ट प्रोग्रॅमच्या आधी काढायचा असतो. विचार करायचं साधन आहे ते. प्रत्यक्षात तो सगळ्यात शेवटी, तयार प्रोग्रॅम समोर ठेवून, उलटा काढला जातो. त्यामुळे त्यात चूक सापडत नाही आणि विचारही. कन्क्लूजनमध्ये ‘अशा प्रकारे आम्ही लूपचा अभ्यास केला’ हे वाक्य, बॅचमध्ये सगळ्यांचं एकच. जर्नल तपासणाराही हे जाणून असतो. साठ-सत्तर जर्नलं, प्रत्येकात शंभर पानं. तो सहीची जागा शोधतो आणि सही करतो. टर्मवर्कचे गुण या सह्यांवर उभे असतात.

याहून जास्त नुकसान असाइनमेंटच्या क्रमात आहे. इफ-एल्स, लूप, ॲरे, फंक्शन, स्ट्रिंग, स्ट्रक्चर, पॉइंटर, फाइल. दर आठवड्याला नवं प्रकरण. वर्गातली बरीच मुलं लूपच्या आठवड्यात घसरतात. एका लूपच्या आत दुसरा आला की तर नक्कीच. चांदण्यांचा पिरॅमिड छापताना आतला लूप बाहेरच्याच्या आकड्यावर अवलंबून असतो हे हाताला कळायला वेळ लागतो. पण पुढच्या सोमवारी ॲरे येतोच. ॲरे म्हणजे पुन्हा लूप. सॉर्टिंग म्हणजे लूपमध्ये लूप. मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे तिहेरी लूप. एकदा घसरलेल्याला पुढे धरायला काही मिळत नाही, म्हणून तो पाठ करतो. त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो शहाणपणाचाच निर्णय आहे. चिठ्ठ्या ठरलेल्या, प्रोग्रॅम ठरलेले. वीस प्रोग्रॅम पाठ करणं एक लूप समजून घेण्यापेक्षा खात्रीचं आहे.

लेखी पेपरची तऱ्हा निराळी. उत्तरपत्रिकेत निळ्या बॉलपेननं, वळणदार अक्षरात मुलं क्लिअर-स्क्रीनची ओळ लिहितात आणि शेवटी गेटच् लिहितात. कागदावर स्क्रीन नाही, पुसायला काही नाही, आणि की दाबेपर्यंत थांबायलाही काही नाही. या दोन्ही सवयी टर्बो सीच्या. १९८७ साली बोरलँडनं बाजारात आणलेला हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, एकेकाळी खरोखर देखणा होता : निळा पडदा, पिवळी अक्षरं, कंट्रोल-एफ९ दाबलं की प्रोग्रॅम चालला, ऑल्ट-एफ५ दाबलं की आउटपुट दिसलं. पुढे ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालेना, तर त्याच्यासाठी डॉसबॉक्स बसवून जुन्या मशीनचं सोंग आणलं गेलं, पण तो काही सुटला नाही. त्यात इंटिजर दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. फॅक्टोरियलचा (एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंत गुणाकार करणारा) प्रोग्रॅम ७ ला ५०४० हे बरोबर उत्तर देतो आणि ८ ला उणे २५२१६. खरं उत्तर ४०३२०. त्यातून ६५५३६ वजा करा, तो उणे आकडा मिळतो. हा खरं तर सोन्यासारखा धडा आहे. मशीनमधली संख्या आणि गणितातली संख्या वेगळी, हे एका आकड्यात दिसतं. पण लॅबमध्ये ‘पाचच दे, मोठा नंबर देऊ नको’ असं सांगून तो धडा झाकला जातो. उलट ‘आय++ आणि ++आय यांची बेरीज किती’ असले प्रश्न ओरलला हमखास येतात, ज्यांचं उत्तर सीच्या प्रमाणकानुसार ठरलेलंच नाही. एका कंपायलरवर एक येईल, दुसऱ्यावर दुसरं. मुलं मात्र ‘उत्तर’ पाठ करून येतात.

लेखी पेपर तपासणं सोपं नाही, हेही खरं. डिप्लोमाच्या पेपरांची मॉडेल आन्सर्स एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, प्रसिद्ध करते. त्यांच्या माथ्यावर परीक्षकांसाठी सूचना असतात. उत्तर शब्दाला शब्द लावून तपासू नका, आणि प्रोग्रॅमिंगच्या पेपरात त्याच संकल्पनेवर आधारलेला वेगळा प्रोग्रॅम असेल तर त्यालाही गुण देता येतात, असं त्यांत आहे. चांगली सूचना. पण वेगळा प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे ठरवायला तो डोक्यात चालवून बघावा लागतो. गठ्ठा मोठा, अक्षर बारीक, दुपारची वेळ. मग परीक्षकाची नजर ओळखीच्या खुणा शोधते : हेडर फाइल आहे, एक गुण, व्हेरिएबल (आकडे ठेवायच्या नावाच्या जागा) जाहीर केलेत, एक गुण, स्कॅनएफ आणि प्रिंटएफ (वाचायची आणि छापायची आज्ञा) आहेत, एक गुण. सहापैकी तीन झाले आणि ज्याच्यासाठी प्रश्न विचारला तो लूप अजून आलेलाच नाही. कागदावर प्रोग्रॅम लिहायला लावूच नये असं मात्र मला वाटत नाही. मशीन समोर असलं की मुलं ‘लहान’ऐवजी ‘लहान किंवा बरोबर’ टाकून बघतात, एक वाढवतात, एक कमी करतात, आणि चाललं की हात काढतात. कागद तसं करू देत नाही. पण मग कागदावर विचारायचं ते असं, की ज्याला कागदच बरा : हा दहा ओळींचा प्रोग्रॅम घे, प्रत्येक फेरीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते लिही.

आता लॅबमध्ये काय होतं ते बघू. मुलगी टाइप करते, एरर येते. अर्धविराम राहिला सहाव्या ओळीत, कंपायलर बोट दाखवतो सातवीकडे, कारण सातवी सुरू होईपर्यंत त्याला सहावी संपली नाही हे कळतच नाही. ती सातवी ओळ पुनःपुन्हा वाचते. तिच्यात काही चूक नाही. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर टर्बो सी कर्सर नेऊन ठेवतो थेट फाइलच्या शेवटी. फॉरच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला तर एररच येत नाही. लूप रिकामा फिरतो आणि आतली ओळ एकदाच छापली जाते. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँडचं चिन्ह (&) राहिलं तर टर्बो सी निमूटपणे कंपाइल करतो आणि मग भलताच आकडा दाखवतो. लिनक्सवर तोच प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून आडवा होतो. आधी आकडा वाचला आणि मग ‘पुढे चालू ठेवायचं का, वाय की एन’ असं अक्षर वाचायला गेलं, तर प्रोग्रॅम थांबतच नाही, कारण आकड्यानंतर दाबलेला एंटरच अक्षर म्हणून उचलला जातो. यावर पिढीजात औषध म्हणजे एफफ्लश, उरलेलं इनपुट पुसायला वापरतात ती आज्ञा. टर्बो सीत ते चालतं, लिनक्सवर चालत नाही. स्कॅनएफमधल्या परसेंट-सीच्या, म्हणजे अक्षर वाचायच्या खुणेच्या, आधी एक मोकळी जागा सोडली की दोन्हीकडे काम होतं.

मुलगी हात वर करते. “मॅडम, येत नाहीये.” मॅडम येतात, वाकतात, अँडचं चिन्ह टाकतात, “रन कर” म्हणतात आणि पुढच्या हाताकडे जातात. एकेका लॅबमध्ये असे वीस हात, त्यांचाही इलाज नसतो. पण शिकायचं जे काही होतं ते नेमकं त्या चार सेकंदांत होतं, आणि ते मॅडमच्या डोक्यात घडलं. मुलगी एवढंच शिकली की हात वर केला की प्रोग्रॅम चालतो. जिथे ही सवय मोडतात तिथे पद्धत साधी असते. शिकवणाऱ्यानं की-बोर्डला हात लावायचा नाही. पहिली एरर मोठ्यानं वाचायला लावायची, फक्त पहिली, कारण बाकीच्या बहुतेक तिची पिल्लं असतात. ती ओळ आणि तिच्या वरची ओळ बघायची. एरर नाही पण उत्तर चुकतंय, तर लूपच्या आत एक प्रिंटएफ टाकून प्रत्येक फेरीचा आकडा छापायचा आणि कागदावरच्या तक्त्याशी ताडून बघायचा. जिथे पहिल्यांदा फरक पडला तिथे चूक. पहिले दोन-तीन आठवडे यात प्रचंड वेळ जातो आणि असाइनमेंट मागे पडतात. म्हणून बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच आठवड्यात हे सोडून दिलं जातं.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं समजायचं कारण नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलियट सोलोवे मुलांना एक साधं गणित घालत : रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब, सरासरी सांग. थांबण्याची खूण म्हणून दिलेला आकडाच मुलं बेरजेत धरत, किंवा एकही आकडा आला नाही तर शून्यानं भागत. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटानं चार विद्यापीठांतल्या २१६ मुलांना पहिला कोर्स संपल्यावर छोटे कॅल्क्युलेटर लिहायला सांगितले. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. शिकवणारे हादरले. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूनं विचारलं, मुलांना लिहिता येत नाही ते ठीक, पण वाचता तरी येतं का? सात देशांतल्या मुलांना तयार प्रोग्रॅमचे तुकडे देऊन काय छापलं जाईल असं विचारलं, आणि पुष्कळांचे पाय तिथेही डगमगत होते. जे वाचता येत नाही ते लिहायला सांगण्यात अर्थ किती? २००७ मध्ये बेनेडसेन आणि कॅस्परसन यांनी निरनिराळ्या देशांतल्या संस्थांकडून आकडे गोळा केले, तर पहिल्या कोर्सात नापास होणारे साधारण तेहतीस टक्के निघाले.

आपल्याकडे यावर जे उपाय झाले त्यांतला मला सर्वांत आवडतो तो आयआयटी मुंबईतल्या अभिराम रानडे यांचा. सी++ शिकवायची, पण सुरुवात कासवापासून, म्हणजे सांगू तसं चालत स्क्रीनवर रेघ ओढणाऱ्या चित्रातल्या कासवापासून. त्यांच्या सिंपल-सीपीपी या लायब्ररीत (तयार आज्ञांच्या संचात) ‘रिपीट’ नावाची आज्ञा आहे. चार वेळा रिपीट, शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, की स्क्रीनवर चौकोन. मग त्रिकोण काढायला सांगितला की मुलं साठ अंश टाकतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन साठचा हे शाळेपासून पक्कं आहे. कासव तीन बाजू काढतं आणि मिळतो अर्धा षट्कोन. वळायचं असतं एकशे वीस अंश, बाहेरच्या कोनातून. यात चूक डोळ्यांना दिसते, कुणाला बोलवावं लागत नाही, आणि तिच्याकडे बघून हसूही येतं. लूप पहिल्याच दिवशी हातात येतो, तोही व्हेरिएबलच्या आधी. आयआयटी कानपूरमध्ये अमेय करकरे आणि मंडळींनी प्रुटर नावाची प्रणाली केली. तिच्यात मुलाचा शेवटचा प्रोग्रॅमच नव्हे, तिथपर्यंत पोचताना त्यानं काय काय करून पाहिलं तेही नोंदलं जातं. साध्या कॉलेजात हे जमणार नाही असं म्हणतात. कासव तरी फुकट आहे.

पुणे विद्यापीठानं २०१९च्या अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पायथन ही भाषा आणली तेव्हा वाटलं होतं, आता सोपं होईल. अर्धविराम गेले, अँडचं चिन्ह गेलं. पण पायथनमध्ये एका तिरप्या रेघेनं भागलं तर १५३ चे १५.३ होतात. सीतून पाठ केलेला आर्मस्ट्राँग तसाच उतरवला की लूप तीनऐवजी तीनशेहून जास्त फेऱ्या मारतो, संख्या बारीक बारीक होत शून्याला टेकेपर्यंत, आणि बेरीज भलतीच येते. इनपुट अक्षरांच्या रूपात येतं, म्हणून पाच आणि तीनची बेरीज त्रेपन्न. भाषा बदलली, परीक्षा तीच राहिली. वीस पाठ प्रोग्रॅम पायथनमध्ये पाठ झाले.

आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन तपासणी आली आहे. प्रोग्रॅम टाकायचा, मशीन लपवलेल्या टेस्ट केस (आधी ठरवलेले इनपुट आणि त्यांची उत्तरं) चालवून गुण देणार. यात पक्षपात नाही, कंटाळा नाही, पण नवे खड्डे आहेत. मुलानं सवयीनं ‘एंटर अ नंबर’ असं छापलं की आउटपुट जुळत नाही आणि बरोबर प्रोग्रॅमला शून्य. पहिल्या आठवड्यात हे सांगितलं नाही तर निम्मा वर्ग रडकुंडीला येतो. दुसरं, टेस्ट केस आळसानं निवडल्या तर काही तपासलंच जात नाही. तीन अंकी आर्मस्ट्राँग संख्या चारच आहेत : १५३, ३७०, ३७१, ४०७. हे चार आकडे इफमध्ये घालून कुणी ‘प्रोग्रॅम’ लिहिला तर तो तीन अंकांपुरता कुठेच अडकणार नाही. म्हणून टेस्टमध्ये १५४ हवा, एक अंकी ७ हवा, शून्य हवं, आणि चार अंकी व्याख्या शिकवली असेल तर १६३४ हवा, कारण तिथे घन नाही, चौथा घात घ्यावा लागतो. उणे १५३ तर आवर्जून. लूपची अट ‘शून्याहून मोठा’ असेल तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘शून्य नाही तोवर’ असेल तर सीमध्ये बाक्या उणे येतात, घन उणे येतात, बेरीज उणे १५३ होते आणि प्रोग्रॅम ‘हो’ म्हणतो. त्यावर वर्गात अर्धा तास वाद घालता येतो, आणि घालावा. घनासाठी पॉव फंक्शन वापरणाऱ्यांची आणखी एक फजिती : विंडोजवरच्या काही जुन्या कंपायलरवर पाचचा घन १२४.९९९९ असा निघतो, इंटिजरमध्ये भरताना तुकडा गळतो आणि १५३ ची बेरीज १५२ येते. प्रोग्रॅम निर्दोष, उत्तर चूक. असं काही घडलं की मुलगा स्वतःलाच दोष देतो, म्हणून हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

कॉपीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाइल येते, आय चा एक्स होतो, नाव बदलतं. ॲलेक्स एकेन यांचं मॉस १९९४ पासून असल्या जोड्या पकडतंय. नावं बदलली तरी सांगाडा ओळखतं. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि सांगाडाही दर वेळी नवा मिळू लागला. घरी करून आणायच्या असाइनमेंटवर गुण देण्यात आता राम उरलेला नाही. सरावासाठी त्या राहाव्यात. गुण समोर बसवून घ्यावेत.

समोर म्हणजे कसं? वीस जणांची बॅच, दोन तास. प्रत्येकाची सहा मिनिटं ओरल घेतली तर १२० मिनिटं तिथेच संपतात. म्हणून ओरलवरच सगळा भार टाकून चालत नाही. २५ गुण असे वाटता येतात. पाच गुण तक्त्याला : आठ-दहा ओळींचा अनोळखी प्रोग्रॅम, कागदावर फेरीनिहाय आकडे. पाच गुण उलटसुलट ओळींना : न्यूझीलंडच्या ओटागो पॉलिटेक्निकमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये काढलेली युक्ती, प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या, दोन फसव्या ओळी मिसळायच्या, क्रम लावायला सांगायचा, तपासायला अर्धं मिनिट. सात गुण बदलाला : चाललेला प्रोग्रॅम दिला आहे, तो शेवटाकडून सुरुवातीकडे चालव, किंवा सर्वांत मोठ्याऐवजी दुसरा मोठा आकडा शोध. आणि आठ गुण बिघडलेल्या प्रोग्रॅमला. या आठांसाठीच मी भांडेन, कारण सबंध सेमिस्टरभर मुलं जे करतात त्यावर आजवर एकही गुण नव्हता. सकाळच्या बॅचचे प्रश्न दुपारपर्यंत फुटतात, त्याला इलाज आकडे आणि बिघाड बदलणं. सांगाडा तोच ठेवला तरी चालतो. उत्तरं मराठीत बोलू द्यावीत. “व्हॉट विल हॅपन इफ” ला गप्प बसणारी मुलगी “ही ओळ काढली तर काय होईल गं?” ला दोन वाक्यांत नीट सांगते, स्पोकन ट्युटोरियल या आयआयटी मुंबईच्या फुकट धड्यांच्या संकेतस्थळावर सीचे धडे मराठीतही आहेत, तर ओरल मराठीत व्हायला हरकत कसली?

बिघडलेला प्रोग्रॅम निवडायचा तो पाच मुलांचे गुण वाचून सरासरी आणि सर्वांत जास्त गुण छापणारा. वीसेक ओळी, तीन बिघाड. पहिला लगेच दिसणारा : शून्यापासून मोजणाऱ्या लूपची अट ‘पाचपेक्षा लहान किंवा बरोबर’, त्यामुळे प्रोग्रॅम सहावा आकडा मागत बसतो. दुसरा कधी दिसतो, कधी नाही : बेरजेला सुरुवातीला शून्य दिलेलं नाही, म्हणून एका मशीनवर उत्तर ठीक, शेजारच्या मशीनवर अगम्य. तिसरा लपलेला : इंटिजरला इंटिजरनं भागलंय, त्यामुळे बेरीज ३७० असेल तर सरासरी ७४ अगदी बरोबर आणि ३७२ असेल तरी ७४च. कुठले आकडे दिले की चूक उघडी पडते ते आकडे लिहायला सांगायचे, नुसती दुरुस्ती नको. आठातले तीन गुण त्या आकड्यांना. तीस मिनिटं द्यावीत. आणि एखादी पोरगी येऊन म्हणेल की सर, कमाल गुण शोधताना मॅक्सची सुरुवात शून्यापासून केलीय, निगेटिव्ह मार्किंग असेल आणि सगळ्यांचेच गुण उणे पडले तर हा शून्य दाखवेल. तो चौथा बिघाड पेपर काढणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेला नसतो. तिला आठाचे नऊ द्यावेत, आणि गुणपत्रकात नऊचा रकाना नसेल तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नातून जमवून.